गवताची सकसता आकाशातून कशी कळते?



गटाच्या बैठकीत आम्ही शेळ्या-म्हशींचा हिशोब मांडतो, तेव्हा एक तक्रार नेहमी येते. दिवाळीनंतर भारा तेवढाच टाकला तरी दूध घटते, शेळ्या वाळतात. पोट भरते, पण अंगी लागत नाही.

याचे कारण गवताच्या वयात आहे. कोवळ्या गवतात प्रथिने जास्त असतात. फुलोरा सरून बी धरले, की ती झपाट्याने उतरतात. शंभर किलो सुक्या चाऱ्यात सात किलोपेक्षा कमी प्रथिने असली, तर जनावराच्या पोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात. मग जनावर खातेही कमी.

आता हे आकाशातून कसे कळते, ते पाहू. हिरवे पान सूर्याचा लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. गवत पिवळे पडले की हा फरक कमी होतो. उपग्रह दोन्ही प्रकाश मोजतो. त्यातून हिरवेपणाचा आकडा निघतो, त्याला एनडीव्हीआय म्हणतात. उघड्या जमिनीवर तो शून्याच्या आसपास राहतो, दाट हिरवळीवर एकाकडे सरकतो. लाल आणि अवरक्त यांच्या मधल्या पट्ट्यातल्या प्रकाशावरून पानातल्या हरितद्रव्याचा अंदाज येतो. हरितद्रव्यातही नत्र असते आणि प्रथिनांतही, म्हणून त्यावरून चाऱ्याची सकसता ताडता येते. यालाच सुदूर संवेदन म्हणतात.

युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून अशी चित्रे घेत आहेत. साधारण दर ५ दिवसांनी नवे चित्र येते आणि ते कोणालाही फुकट पाहता येते. चित्रातला सर्वांत लहान ठिपका १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा.

पण उपग्रहाला हिरवे दिसते, चव कळत नाही. गाजर गवत, घाणेरी आणि तरवड त्याला हिरवळच वाटते. आपली शेळी मात्र त्याला तोंड लावत नाही. शिवाय आपल्याकडे आषाढ-श्रावणात ढग आडवे येतात आणि खालचे काही दिसत नाही. म्हणून आकाशातल्या आकड्याला जमिनीवरच्या मोजणीची जोड लागते, आणि ती आपणच करू शकतो.

गायरानात पाच-सहा जागा निवडा. काठ्यांची एक मीटर लांब-रुंद चौकट ठेवून आतले गवत कापा, निवडून खाण्याजोगे वेगळे करा, वाळवून तोला. तारीख आणि जागा वहीत लिहा. समजा एका चौकटीत २०० ग्रॅम सुके गवत निघाले, तर गुंठ्याला सुमारे २० किलो झाले. तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण एक किलो सुका चारा लागतो. प्रथिने तपासण्यासाठी नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो. त्याची सोय कुठे आहे, ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.

वही आणि चित्र शेजारी ठेवले, की कोणता तुकडा आधी कापायचा आणि कोणत्या तुकड्याला विसावा द्यायचा, हे ग्रामसभेत ठामपणे सांगता येते. तोपर्यंत एवढे तरी करू या. गवत वाळून कुसळे टोचू लागेपर्यंत थांबायचे नाही. फुलोऱ्यात, उघडीप पाहून कापायचे, नीट वाळवायचे आणि झाकून ठेवायचे. भारा थोडा हलका भरेल, पण उन्हाळ्यात पेंडीचा खर्च वाचेल.