बाटलीवरची चिठ्ठी

शास्त्रीय शोधांत दैवाचा वांटा किती आणि बुद्धीचा किती, हा वाद जुना आहे. आज ज्या संशोधकाची ओळख मी करून देणार आहें, त्यांच्या चरित्रांत या वादाचें उत्तर कांहीं अंशीं सांपडतें. त्यांचें नांव ख्रिस्तोफर पोल्ज. इंग्लंडांतील एका शेतकऱ्याच्या घरीं १९२६ सालीं ते जन्मले आणि २००६ सालीं निवर्तले. पाळीव जनावरांचें प्रजनन हाच त्यांचा जन्माचा व्यासंग होता.

कृत्रिम रेतनाची विद्या त्यांच्यापूर्वींच रूढ झाली होती. उत्तम वळूचें रेत काढून तें दूरच्या गाईस देतां येई. परंतु थंड जागीं ठेवलें, तरी तें तीन-चार दिवसांपलीकडे फारसें उपयोगी पडत नसे. गोठवावें, तर त्यांतील शुक्रजंतु मरत. याचें कारण असें कीं, पाणी गोठूं लागलें म्हणजे केवळ शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि मागें उरलेल्या थोड्या पाण्यांत क्षार दाट होत जातात. मिठांत घातलेली लिंबाची फोड जशी आक्रसते, तशीच कांहींशी गत त्या सूक्ष्म पेशींची होते.

१९४८ सालीं पोल्ज लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधनसंस्थेंत अ‍ॅलन पार्क्स यांच्या हाताखालीं काम करूं लागले. कोंबड्याचें रेत फळांतील साखरेच्या द्रावणांत गोठवून पाहणें, हें त्यांचें काम. प्रयोग फसले. द्रावणाच्या बाटल्या शीतगृहांत पडून राहिल्या. कांहीं महिन्यांनीं त्यांतलेंच द्रावण घेऊन प्रयोग पुन्हां केला आणि काय आश्चर्य! शून्याखालीं ७९ अंशांपर्यंत गोठविलेले शुक्रजंतु ऊब मिळतांच वळवळूं लागले. मग साखरेचें ताजें द्रावण करून पाहिलें, तों पुन्हां अपयश!

शाळेंतील मुलांचें गणित पुस्तकांतल्या उत्तराशीं जुळलें नाहीं, म्हणजे तीं तें हळूच खोडून टाकतात. पोल्ज, पार्क्स आणि त्यांच्या सहकारी ऑड्रे स्मिथ यांनीं तसें केलें नाहीं. बाटलींत उरलेलें चमचा-दोन चमचे द्रावण त्यांनीं रसायनतज्ज्ञाकडे तपासण्यास पाठविलें. त्यांत साखर मुळींच नव्हती! होतें तें ग्लिसरीन, पाणी आणि थोडें प्रथिन. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावयाचे पेशीजालाचे पातळ काप कांचेला चिकटविण्यासाठीं अंड्याचा पांढरा बलक व ग्लिसरीन यांचें मिश्रण वापरीत असत. त्या बाटलीची आणि साखरेच्या बाटलीची चिठ्ठी बहुधा अदलाबदल झाली होती. ग्लिसरीन पेशींत शिरतें, तेथील पाण्याचा बर्फ कमी होऊं देतें आणि क्षारांची दाटी आवरून धरतें. १९४९ सालीं हा शोध या तिघांनीं प्रसिद्ध केला.

वळूच्या रेतावर तोच उपाय चालविण्यास आणखी खटपट पडली. पातळ करण्याची रीत बदलावी लागली, थंडावाहि सावकाश द्यावा लागला. परंतु कांहीं वर्षांतच गोठविलेल्या रेतापासून वासरें जन्मास आलीं. द्रवरूप नायट्रोजनांत, शून्याखालीं १९६ अंशांवर, असें रेत वर्षानुवर्षें टिकतें. वळू मेल्यानंतरहि त्याची संतति होऊं शकते. पुढें पोल्ज यांनीं केंब्रिज येथें डुकरांच्या प्रजननावर दीर्घकाळ संशोधन केलें. गोठविलेल्या गर्भापासून १९७३ सालीं वासरूं जन्मास आणण्यांत सहभागी असलेले, आणि १९९६ सालच्या डॉली मेंढीमुळें विख्यात झालेले इयान विल्मट, हे त्यांचेच शिष्य.

या विद्येचा प्रवाह आपल्या दारींहि पोंचला आहे. मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं पुण्याजवळ उरळीकांचन येथें स्थापिलेल्या संस्थेचे कार्यकर्ते गोठविलेल्या रेताच्या नळ्या घेऊन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत जाऊं लागले. स्वतः वळू बाळगण्याची ऐपत नसलेल्या कुटुंबालाहि त्यामुळें चांगल्या वंशाची कालवड मिळूं लागली.

परंतु येथेंच एक धोकाहि आहे. एका वळूपासून हजारों वासरें होऊं लागलीं, म्हणजे साऱ्या कळपांत थोड्याच पित्यांचें रक्त उरतें. आणि अधिक दुधाच्या आशेनें सरसकट परदेशी रेत वापरलें, तर खिलार, डांगी, देवणी यांसारखीं, आपल्या हवेपाण्यास सोसलेलीं जनावरें विरळ होत जातात. तीच शीतपेटी या जातींचें रेत जपून त्यांना वांचवूंहि शकते. नळींत कोणाचें रेत भरावें, हें ग्लिसरीन सांगत नाहीं. तें माणसानेंच ठरवावयाचें असतें. त्या तिघांनीं चिठ्ठीवर विसंबून न राहतां बाटलींत खरोखर काय आहे, हें पाहिलें. दारीं आलेल्या प्रत्येक नळीविषयीं शेतकऱ्यानें आणि त्याच्या सल्लागारांनीं तीच चौकसबुद्धि ठेविली, तर पोल्ज यांचें ऋण फिटलें, असें म्हणतां येईल.