सात टॅप की सात दिवस?

तुमच्याकडे अँड्रॉइड फोन असेल तर एक गंमत करून बघा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडा आणि तिथल्या 'बिल्ड नंबर'वर सलग सात वेळा टॅप करा. बहुतेक फोन लगेच जाहीर करतात की तुम्ही आता डेव्हलपर झालात! ना परीक्षा, ना फी. केबलने फोन लॅपटॉपला जोडायचा आणि आपण केलेलं ॲप आपल्याच फोनवर चालवून बघायचं. आयफोनमध्येही 'डेव्हलपर मोड' आहे, पण मॅक कॉम्प्युटर आणि त्यावरचं एक्सकोड जोडल्याशिवाय तो सहसा दिसतही नाही. पैसे न भरता स्वतःचं ॲप आयफोनवर टाकलंच, तर ते सात दिवस चालतं. आठव्या दिवशी परत मॅकला जोडा, परत टाका.

कट्ट्यावर 'अँड्रॉइड भारी की आयफोन' हा वाद कॅमेऱ्यावरून सुरू होतो आणि किमतीवर संपतो. ॲप बनवणाऱ्याच्या खुर्चीत बसलं की प्रश्न वेगळाच पडतो : खर्च आधी करायचा की नंतर?

समजा, तुम्ही फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी मेसच्या खाड्याचं ॲप करताय. सकाळी नऊला ॲप विचारणार, 'आज जेवायला आहेस का?' नाही म्हटलं की खाडा लागणार आणि मेसवाल्या काकू तेवढ्या पोळ्या कमी लाटणार.

आयफोनसाठी करायचं ठरवलं तर पाकीट आधी उघडावं लागतं. एक्सकोड फक्त मॅकवर चालतं. नवा मॅक मिनी घ्यायचा तरी आकडा पन्नास हजारांच्या पुढे जातो, स्क्रीन आणि कीबोर्ड वेगळा. शिवाय ॲप स्टोअरवर जायला 99 डॉलर, म्हणजे आठ-नऊ हजार रुपये. तेही दरवर्षी! भरले नाहीत तर ॲप स्टोअरमधून गायब. गूगल प्लेचं खातं 25 डॉलरमध्ये मिळतं आणि ते एकदाच भरायचे. अँड्रॉइड स्टुडिओ विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे फुकट. 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एम्युलेटर रखडतो, पण सात टॅपवाला फोन हाताशी आहेच. 'फ्लटर वापर, एकदाच कोड लिही' असं सांगणारा एक मित्र प्रत्येक वर्गात असतो. त्याचं खरं आहे, पण आयफोनचं ॲप तयार करून बाहेर काढताना मॅक लागतोच, स्वतःचा नाहीतर ऑनलाइन भाड्याचा.

मग अँड्रॉइड स्वस्तच की! दारात, हो. आत गेल्यावर मीटर पडायला लागतं.

आयफोन आणि त्यातली सिस्टीम दोन्ही ॲपलचीच, त्यामुळे तपासायची मॉडेल्स मोजकी. अँड्रॉइडचं मूळ गूगलचं, पण शाओमी, ओप्पो, विवो, सॅमसंग त्यावर आपापला साज चढवतात. बॅटरी जास्त टिकावी म्हणून यातले बरेच फोन मागे चालू असलेली ॲप्स गुपचूप बंद करतात. परिणाम? तुमच्या फोनवर नऊला वाजणारं खाड्याचं नोटिफिकेशन रूममेटच्या फोनवर वाजतच नाही. कोडमध्ये चूक सापडत नाही, कारण ती नसतेच. मग त्याला हाताला धरून सेटिंग्जमध्ये न्यायचं, 'ऑटोस्टार्ट' चालू करायला लावायचं, बॅटरीच्या बंधनातून ॲप वगळायचं. बरं, हे बटण प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात लपवलेलं. काकूंना यातलं काहीच सांगून उपयोग नसतो, त्यांच्या पोळ्या उरलेल्या असतात.

गूगलची दुसरी वसुली वेळेची. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेलं खातं वैयक्तिक असेल, तर ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी किमान 12 जणांकडून सलग 14 दिवस चाचणी करून घ्यावी लागते. (आधी तर 20 जण लागायचे.) होस्टेलच्या एका मजल्यावर बारा जण सहज मिळतात. चौदा दिवस ॲप ठेवून वापरणारे बारा जण मिळणं अवघड. तेव्हा सबमिशनच्या आदल्या आठवड्यात जागे होणाऱ्यांनी या अटीकडे जरा गांभीर्याने बघावं. ॲपलकडे ही अट नाही, पण तिथली तपासणी कडक. नुसती वेबसाइट गुंडाळून ॲप म्हणून पाठवली, तर नियम 4.2 दाखवून परत येते.

इतकं असूनही माझं मत अँड्रॉइडला. कारण सरळ आहे, भारतात शंभरातले नव्वदहून जास्त स्मार्टफोन अँड्रॉइडचे. अमेरिकेत इन्स्टाग्राम ऑक्टोबर 2010 मध्ये आलं ते फक्त आयफोनवर, अँड्रॉइडवाले एप्रिल 2012 पर्यंत ताटकळले. आपल्याकडे उलटं झालं. भीम ॲप 30 डिसेंबर 2016 ला अँड्रॉइडवर आलं आणि आयफोनवर नंतर, फेब्रुवारी 2017 मध्ये. मात्र जगभरात डाउनलोड गूगल प्लेवर जास्त होतात आणि कमाई ॲप स्टोअरवर जास्त होते. परदेशातल्या लोकांना महिन्याची वर्गणी लावणारं ॲप डोक्यात असेल, तर मॅकसाठी पैसे साठवायला लागा.

दोन्हीकडे सारखी असलेली एक गोष्ट म्हणजे दुकान आपलं नसतं. ॲपच्या आत डिजिटल वस्तू विकली तर दोघेही 30 टक्के कापायचे. 2021 पासून छोट्या डेव्हलपरसाठी हा वाटा 15 टक्क्यांवर आला. मेसचं बिल या कात्रीत येत नाही, जेवण ही खरीखुरी वस्तू. याच फीच्या वादातून 1 मार्च 2024 ला गूगलने नोकरी, शादी, भारत मॅट्रिमोनी यांसारखी भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली होती. सरकार मध्ये पडलं तेव्हा काही दिवसांत ती परतली. तुमच्या-आमच्यासाठी सरकार मध्ये पडणार नाही. अँड्रॉइडवर निदान एपीके फाइल थेट व्हॉट्सॲपवर पाठवून मित्रांच्या फोनमध्ये टाकता येते, आयफोनवर आपल्याकडे ती सोय नाही.

राहता राहिले मजल्यावरचे दोन-तीन आयफोनवाले. त्यांच्यासाठी 99 डॉलर घालवू नका, एक वेबपेज करा. आयओएस 16.4 पासून अशा पेजवरूनही नोटिफिकेशन पाठवता येतं. फक्त आधी 'ॲड टू होम स्क्रीन' करायला लावायचं.