जहाजं मोजून नौदल कळत नाही

भारत-पाकिस्तान तणाव वाढला की मोबाइलवर तक्ते फिरू लागतात. भारताच्या विमानवाहू नौका दोन, पाकिस्तानची एकही नाही; विनाशिका इतक्या, पाणबुड्या तितक्या. खाली निकालही लावलेला असतो. या तक्त्यांतले आकडे बहुतेक वेळा बरोबर असतात, चुकतो तो निकाल.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे मोठं जहाज लहानाला भारी पडतं. १९७१च्या युद्धाने तो दोन्ही बाजूंना खोटा ठरवला. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या आपल्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. वजन जेमतेम दोनशे टन, बांधणी मुळात किनाऱ्याच्या राखणीसाठी. त्यांतल्या निर्घातने खैबर ही दोन हजार टनांहून मोठी विनाशिका बुडवली. आपण ४ डिसेंबरला नौदल दिन साजरा करतो तो याच मोहिमेमुळे. पण पाचच दिवसांत दीवजवळ फासे उलटे पडले. पाणबुडी शोधून बुडवणं हेच जिचं काम, ती फ्रिगेट खुकरी पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. त्यांत खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लाही होते; ते जहाजाबरोबर गेले. हंगोर आकाराने खुकरीहून लहान होती.

दुसरा घोटाळा एकूण बेरजेचा. भारताला दोन किनारे सांभाळायचे आहेत: पश्चिमेचा मुंबईहून, पूर्वेचा विशाखापट्टणमहून. शिवाय अंदमान-निकोबार. पाकिस्तानचा किनारा सुमारे हजार किलोमीटरचा, त्यामुळे कराची आणि ओरमारा या तळांवर त्याचं सगळं बळ एकवटता येतं. त्यात कोणत्याही नौदलाची सगळी जहाजं एकाच वेळी समुद्रात नसतात. ढोबळ हिशेब असा, की तिनांतलं एक मोहिमेवर, एक सरावात आणि एक गोदीत डागडुजीला. दोन विमानवाहू नौका म्हणजे ऐन वेळी दोन हाताशी असतीलच असं नाही. दुसरी नौका विक्रांत २०२२ मध्ये दाखल झाली ती याच कारणाने मोलाची आहे, निव्वळ मिरवण्यासाठी नव्हे.

विमानवाहू नौका नाही म्हणून पाकिस्तानचं नौदल दुबळं, हेही तितकंसं खरं नाही. त्याला अरबी समुद्रावर हुकमत गाजवायची नाहीच. भारताला तिथे मोकळेपणी वावरू द्यायचं नाही, एवढाच त्याचा हेतू. त्यासाठी पाणबुडी पुरते. त्याच्या तीन अगोस्टा ९०-बी पाणबुड्यांवर हवेविना चालणारी यंत्रणा आहे. तिच्यामुळे बॅटरी भरण्यासाठी वारंवार पृष्ठभागाजवळ यावं लागत नाही आणि पाणबुडी सापडणं अवघड होतं. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या आपल्या कलवरी वर्गाच्या सहाही पाणबुड्या ही सोय नसतानाच नौदलात आल्या. उलट, अरिहंत आणि अरिघात या आपल्या अणुपाणबुड्यांना पाकिस्तानकडे जोड नाही. पण त्या अण्वस्त्रांचा धाक ठेवण्यासाठी आहेत; व्यापारी जहाजांना संरक्षण देण्याच्या कामी त्यांना जुंपत नाहीत. तक्त्यात मात्र सगळ्या पाणबुड्या एकाच रांगेत!

चीनबद्दलही असंच होतं. जहाजांच्या संख्येत चीनचं नौदल जगात पहिलं, हे खरं. पण एकूण वजनात अमेरिका अजून बरीच पुढे आहे, आणि चीनचे तिन्ही ताफे मुख्यतः प्रशांत महासागराकडे तोंड करून उभे आहेत. तिथून हिंदी महासागरात यायला मलाक्कासारख्या अरुंद वाटा ओलांडाव्या लागतात.

म्हणून चीन दूर आहे, असं म्हणून मात्र चालणार नाही. २०१७ पासून जिबूतीत त्याचा तळ आहे. पाकिस्तानने त्याच्याकडून आठ नव्या पाणबुड्या घ्यायचं ठरवलं. चार चीनमध्ये, चार कराचीत बांधायच्या, आणि या वर्गाला नाव दिलं हंगोर. तक्त्यात चीन आणि पाकिस्तान वेगवेगळ्या रकान्यांत बसतात. अरबी समुद्रापुरते तरी ते दोन्ही रकाने एकत्र वाचायला हवेत.