सायकल पर्यटन, महाड परिसरातील

रायगड (१९८१ पूर्वीचे नाव कुलाबा) जिल्ह्याच्या महाड व पोलादपूर तालुक्यांतील ऐतिहासिक स्थळांचे सायकलीवरून केले जाणारे दर्शन. फ्रान्समध्ये ल्वार नदीच्या खोऱ्यातील जुने राजवाडे व गढ्या यांना जोडणारा सायकलमार्ग मुद्दाम आखलेला आहे. सावित्रीच्या खोऱ्यात मात्र सायकलस्वाराला नेहमीच्या रस्त्यांवरूनच जावे लागते. तथापि येथील बंदर, लेणी, तळे व किल्ले ही पायी व बैलांवरून चालणाऱ्या वाहतुकीच्या काळातील असल्याने त्यांमधील अंतरे माणसाच्या चालीला धरून आहेत. मोटारीतून ही अंतरे जाणवत नाहीत. सायकलीवरून ती चांगलीच जाणवतात.

महाडजवळचे सव हे सावित्रीकाठचे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची एक ओळच आढळते. त्यांचा जिवंत ज्वालामुखीशी संबंध नाही. खडकांतील भेगांवाटे खोल मुरलेले पावसाचे पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून पुन्हा वर येते. घाट चढून आलेल्या पायांना हे पाणी सुखावह वाटते, हेही येथे नमूद करण्यास हरकत नाही.

या परिसरात दासगाव ते महाड हा सुमारे ८ किमी. चा टप्पा सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल. भरतीच्या पाण्यावर जलवाहतूक खाडीतून दासगावपर्यंत येत असे. मार्च १९२७ मधील परिषदेनंतर, २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे अनुयायी यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा बसमालक ऐनवेळी नकार देतील अशी शंका असल्याने डॉ. आंबेडकर व मुंबईचे प्रतिनिधी ‘पद्मावती’ बोटीने निघाले आणि दासगावला उतरून महाडपर्यंत पायी चालत गेले. परिषदेसाठी जागा एका मुस्लिम गृहस्थाने दिली. न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळे तळ्यावरील सत्याग्रह तहकूब झाला. २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन करण्यात आले. तळ्याचा दावा पुढे मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला व १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. सायकलीवर अर्ध्या-पाऊण तासात सरणारी ही वाट, साधे वाहनही हक्काने मिळत नव्हते अशा माणसांनी चाललेली आहे. चवदार तळे पाहणाऱ्यांपैकी फारच थोडे दासगावपासून सुरुवात करतात, हे खेदाचे होय.

महामार्गालगतच्या टेकडीत गांधारपाले येथे सुमारे तीस बौद्ध लेणी आहेत. एका शिलालेखात कुमार काणभोज विष्णुपालित याचे नाव येते. सायकल पायथ्याशी ठेवून पायऱ्या चढल्यावर खालचे नदीखोरे दृष्टीस पडते आणि बंदर व घाट यांच्या वाटेवर ही लेणी का खोदली गेली असावीत, याची कल्पना येते.

रायगडकडे जाणारा रस्ता नाते या गावावरून जातो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे हे जन्मगाव. पुढे पाचाडपर्यंत चढ तीव्र असून गिअर नसलेली सायकल बऱ्याच ठिकाणी हाताने ढकलावी लागते. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे. शिवराज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी गडावर झाला आणि त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्यांचे निधन झाले. रायगडाची समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८२० मी. आहे.

पोलादपूर येथे कवींद्र परमानंदांची समाधी असून तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथून प्रतापगडाकडे जाणारा आंबेनळी घाट केवळ सराव असलेल्यांनीच चढावा.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ प्रवासास योग्य. महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ असल्याने शक्य तेथे गावांतील रस्ते धरणे सुरक्षित ठरते. पावसाळ्यात हा प्रवास टाळावा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना दगडी पूल पुरात वाहनांसह वाहून गेला, तर जुलै २०२१ मध्ये महाड शहर पाण्याखाली गेले व तळिये गावावर दरड कोसळली. रेल्वेने येणाऱ्यांस कोकण रेल्वेचे वीर हे स्थानक महाडला जवळचे आहे.