शोकातला खेळ

आपल्या साहित्यशास्त्राने रसांची मैत्री सांगितली, तसे त्यांचे वैरही सांगितले. विश्वनाथाच्या 'साहित्यदर्पणा'त हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले आहेत. व्यवहारातही आपली समजूत अशीच असते. घरातून कोणी गेले की हसणे वर्ज्य. पण गेलेला जीव म्हणजे घरातला कुत्रा असेल, तर माणूस चमत्कारिक पेचात सापडतो. मोकळेपणाने रडावे, तर लोक म्हणतात, "एका कुत्र्यासाठी एवढे?" आणि त्याची एखादी खोडी आठवून हसू फुटलेच, तर आपलेच मन विचारते, "इतक्यात विसरलास?" धड रडता येत नाही, धड हसता येत नाही.

या पेचाचा उलगडा करायचा, तर कुत्र्याशी असलेले आपले नाते मुळात कशाचे असते ते पाहिले पाहिजे. ते नाते खेळाचे असते. चेंडू फेकणे, फडके ओढणे, दाराआड लपणे यांतून ते वाढते. आपण त्याला एक नाव ठेवतो आणि दहा नावांनी हाका मारतो. एवढेच नव्हे, तर त्याच्या वतीने आपणच बोलतो. "आज स्वारी रुसली आहे," "म्हणतोय, नुसती पोळी नको, वर दूध घाला," असे संवाद कुत्रा असलेल्या प्रत्येक घरात चालतात. हे एक छोटेसे नाटकच असते. पात्र मुके, आणि संवाद घरच्यांचे. कुत्रा गेल्यावर घर सुने होते ते केवळ भुंकणे थांबले म्हणून नव्हे. ते नाटक बंद पडते, आणि घरातल्या माणसांचा एक खेळकर आवाजही त्याच्याबरोबर मुका होतो.

हा मुका झालेला आवाज पुन्हा बोलू शकतो, याचे एक सुंदर उदाहरण अमेरिकन नाटककार युजीन ओ'नील यांनी मागे ठेवले आहे. 1936 साली नोबेल पारितोषिक मिळालेला हा लेखक शोकात्म नाटकांसाठी प्रसिद्ध. कॅलिफोर्नियातील 'ताओ हाऊस' या घरी त्यांनी आपली सर्वांत काळोखी नाटके लिहिली. 'लाँग डेज जर्नी इंटू नाइट' हे स्वतःच्या कुटुंबाच्या वेदनेवरचे नाटक याच घरात 1941 साली पूर्ण झाले. याच घरात त्यांचा ब्लेमी नावाचा डाल्मेशियन कुत्रा म्हातारा झाला. 1940 च्या डिसेंबरात, ब्लेमीच्या अखेरीला, ओ'नील यांनी पत्नी कार्लोटा हिच्या सांत्वनासाठी एक मृत्युपत्र लिहिले. ते लिहून देणारा होता स्वतः ब्लेमी!

या मृत्युपत्रात ब्लेमी मोठ्या ऐटीत बोलतो. कुत्रे माणसांहून शहाणे, ते संपत्ती साठवीत नाहीत. तेव्हा मागे ठेवायला आपल्यापाशी प्रेम आणि निष्ठा यांखेरीज काही नाही, असे तो सांगतो. बहुतेक कुत्रे चांगले असतात, पण डाल्मेशियन सर्वांत चांगले हे तर सर्वांनाच ठाऊक आहे, असे त्याचे म्हणणे. कुत्र्यांच्या स्वर्गातले ससे जोरात पळत असतील, पण फार जोरात नव्हे, अशी त्याची कल्पना आहे. आपल्यामागे घरात दुसरा कुत्रा यावा, अशी त्याची इच्छा. त्या वारसाला तो आपला पट्टा, साखळी, आणि पॅरिसमध्ये 1929 साली खास शिवून घेतलेले कोट देऊन टाकतो. मात्र ते कोट आपल्यासारखे रुबाबात त्याला मिरवता येणार नाहीत, अशी पुस्ती जोडायला तो विसरत नाही!

यात मृत्यू लपवलेला नाही. डोळे मंदावले, कान गेले, वास घेण्याची शक्ती उरली नाही, हे ब्लेमी स्वतःच सांगतो. दुःख तेवढेच आहे. फक्त ते ब्लेमीच्या आवाजात आले आहे, आणि म्हणूनच वाचताना हसू व डोळ्यांतले पाणी एकाच वेळी येते.

खेळाने दुःख हलके का व्हावे? फ्रॉइड यांनी 1920 साली प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात दीड वर्षाच्या मुलाची हकीकत दिली आहे. हे मूल म्हणजे त्यांचा नातूच. आई बाहेर गेली की तो दोरी बांधलेले लाकडी रीळ पलंगाच्या पडद्याआड फेकी, 'गेले' अशा अर्थाचा उद्गार काढी, आणि दोरी ओढून ते परत आले की आनंदाने त्याचे स्वागत करी. आईचे जाणे त्याच्या हाती नव्हते. रिळाचे जाणे-येणे मात्र होते. जे केवळ सोसावे लागते, ते खेळात आपण स्वतः करतो. मृत्युपत्र लिहिणारे ओ'नील हेच करीत होते. त्यांच्या हातात दोरीऐवजी लेखणी होती, एवढाच फरक.

अर्थात खेळ हुकमी येत नाही. विल्यम वेगमन हे अमेरिकन चित्रकार-छायाचित्रकार 1970 पासून आपल्या 'मॅन रे' नावाच्या कुत्र्याला घेऊन गमतीदार छायाचित्रे काढीत. हे नाव एका नामवंत कलावंताचे. 1982 साली कुत्रा गेला. 1986 साली वेगमन यांच्या घरी एक कुत्री आली. 'किंग काँग' चित्रपटाची नायिका फे रे हिच्यावरून त्यांनी तिचे नाव ठेवले 'फे रे'. एका श्लेषात नवी आली आणि जुन्याचे 'रे'ही राहिले. पुढे तिच्यासह नवी छायाचित्रेही आली. पण मध्ये चार वर्षे गेली होती.

तेव्हा खुंटीवरचा पट्टा पाहून गळा दाटला, तर दाटू द्यावा. एखाद्या दिवशी मात्र वही उघडावी आणि त्याच्या वतीने शेजारच्या मांजराविरुद्ध एक तक्रार-अर्ज लिहावा, त्याच्या दहा नावांची वंशावळ काढावी, किंवा त्याने चावलेल्या चपलांची यादी करावी. चित्र येत असेल तर चित्र काढावे. वाकडे आले तरी बिघडत नाही, त्याचा एक कान तसाही वाकडाच असेल. लिहिता लिहिता हसू आले, तर अपराधी वाटून घेऊ नये. ज्याने आयुष्यभर आपल्याला खेळायला बोलावले, त्याची आठवण खेळूनही काढता येते.