संगणकांतील पोटभाडेकरू

शहरांत राहणारास पोटभाडेकरू म्हणजे काय हें सांगावयास नको. खोली एकाच्या नांवावर, बिऱ्हाडें दोन, आणि दुसऱ्याची वर्दी घरमालकास नाहीं! संगणकांतही असें बिऱ्हाड थाटतां येतें. चालू संगणकाच्या पोटांत आज्ञावलीच्या बळावर दुसरा संगणक उभा राहतो. त्यास आभासी यंत्र म्हणतात. आयबीएमनें १९७२ सालीं आपल्या अवजड यंत्रांकरितां ही सोय विकावयास काढली, आणि १९९९ सालीं व्हीएमवेअरनें ती टेबलावरील संगणकावर आणली.

कचेरींत हिची गरज वारंवार पडते. संगणक विंडोजचा, तपासावयाचें काम लिनक्सवरील. मग दुसरा संगणक विकत घेण्यापेक्षां हा पाहुणा स्वस्त. परंतु कंपनीच्या संगणकावर नवी आज्ञावली बसविण्याचा अधिकार नोकरास बहुधा नसतो. तो मिळाला तरी अडचणी सरत नाहींत. पाहुण्यानें कचेरीच्या नेटवर्ककडे स्वतंत्र पत्ता मागितला, तर अनोळखी म्हणून त्यास दारांतच अडविलें जातें. यजमान संगणकाच्याच पत्त्यावरून बाहेर पडावें, तर पुढें निराळेंच कोडें. पुष्कळ कंपन्या इंटरनेटवरून येणारा सांकेतिक मजकूर मध्येंच उघडून तपासतात आणि स्वतःच्या मोहरेनें पुन्हां बंद करतात. ती मोहर यजमानास ठाऊक, पाहुण्यास नाहीं. म्हणून तो एकामागून एक संकेतस्थळें बनावट ठरवितो. कंपनीचें मूळ प्रमाणपत्र पाहुण्यांतही बसविलें कीं हें थांबतें. पण एवढें उमगेपर्यंत कित्येकांचा दिवस फुकट गेलेला असतो.

हा सारा कंपनीचा आडमुठेपणाच समजावा काय? २०२० च्या मे महिन्यांत सोफॉस या कंपनीनें एक प्रकरण उघडकीस आणलें. रॅग्नार लॉकर नांवाच्या खंडणीखोर टोळीनें, शिरकाव केलेल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स बसवून त्यांत जुन्या विंडोज एक्सपीचें आभासी यंत्र चालविलें होतें. अवघ्या ४९ किलोबाइटांची घातकी आज्ञावली लपविण्यासाठीं २८२ मेगाबाइटांचें बिऱ्हाड! यजमानाच्या फायली आंतून कुलूपबंद केल्या जात, आणि पहाऱ्यावरील आज्ञावलीस त्या बिऱ्हाडांत डोकावतां येत नसे.

तेव्हां चोरून यंत्र बसविणें नोकरीवर बेतूं शकतें. लेखी अर्ज करावा. काम कोणतें, नेटवर्कशीं संबंध किती, सुरक्षेच्या सुधारणा कोण बसविणार आणि यंत्र केव्हां पुसणार, हें त्यांत असावें. कांहीं कंपन्या तपासलेलें तयार यंत्र आपल्याच सर्व्हरवर देतात. तें मिळत असेल तर उत्तमच. व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग विनामूल्य आहे, पण त्याची जोड-पुरवणी कचेरीच्या कामास वापरावयाची तर परवाना विकत घ्यावा लागतो. तो कोणाच्या खर्चानें, हेंही अर्जांतच विचारून घेतलेलें बरें.