६२ टक्के आणि ५८

धाराशिव लेणी शहरापासून जेमतेम आठ किलोमीटरवर. बालाघाटच्या डोंगरात शेवटी जो चढ लागतो, तिथं साध्या सायकलवरून मी नेहमी उतरायचो आणि सायकल ढकलत न्यायचो. विजेच्या सायकलवर पहिल्यांदाच तो बसल्या बसल्या चढलो आणि वर पोचता पोचता डोळ्यांपुढचे आकडे एकमेकांत मिसळायला लागले. सायकलच्या पडद्यावर बॅटरी ६२ टक्के. शेजारच्या मोबाइलवर दंडाला चिकटवलेल्या सेन्सरचा आकडा ५८, पुढे खाली तोंड केलेला बाण. सायकलमध्ये दम शिल्लक होता, माझ्यातला संपला होता.

खिशात तुळजापूरच्या प्रसादाचा पेढा होता. तो खाल्ला. अंगाला दरदरून घाम, हात थरथरतायत, आणि आकडा ढिम्म हलेना. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाभळीखाली शेळ्या राखत बसलेली एक मावशी उठून आली. "काय व्हायलंय बाबा?" शुगर कमी झालीय, एवढंच म्हणालो. तिनं पदराची गाठ सोडली आणि नातवासाठी बांधून ठेवलेल्या लिमलेटच्या चार गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या. त्या कडाकडा चावल्या, पाणी प्यालो, आणि थोड्या वेळानं रस्ता पुन्हा जागच्या जागी आला. मग तिनं तो प्रश्न विचारला, जो गेली सव्वीस वर्षं मला प्रत्येक लग्नात, प्रत्येक पंगतीत विचारला जातो: "शुगरच्या माणसाला गोड कसं काय चालतंय?"

चालतं काय, त्या क्षणी तेच औषध असतं. साखर ७० च्या खाली गेली, म्हणजे हायपो झाला, की पंधरा ग्रॅम साखर पोटात घालायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं. मावशीच्या चार गोळ्या त्या मापात जवळजवळ बरोबर बसल्या. चूक पेढ्याची झाली. खव्यातलं तूप जठराला रेंगाळायला लावतं, त्यामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. गूळ-शेंगदाण्यांचं तेच, चॉकलेटचंही तेच. आमच्या जिल्ह्यात कुंथलगिरीचा खवा नावाजलेला, पण हायपोत तो कामाचा नाही. हायपोत ग्लुकोजची पूड, साखर-पाणी किंवा रसवंतीचा घोटभर रस. मात्र चक्कर येऊन शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, श्वासनलिकेत जातं. त्याला सरळ दवाखान्यात न्यायचं.

आता मावशीच्या प्रश्नाचं खरं उत्तर. गावात 'शुगर' म्हटलं की सुटलेलं पोट, पन्नाशी आणि सकाळ-संध्याकाळची गोळी डोळ्यांपुढे येते. तो टाइप टू. माझा टाइप वन. त्यात शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या संपवते. गोड खाल्ल्यानं हे होत नाही, आईबापाच्या चुकीनंही होत नाही. हा आजार अनेकदा लहान वयातच गाठतो आणि मग इन्सुलिन बाहेरूनच घ्यावं लागतं, दिवसातून चार-चार वेळा, आयुष्यभर. १९२२ च्या ११ जानेवारीला टोरांटोत चौदा वर्षांच्या लिओनार्ड थॉम्पसनला पहिली सुई टोचली गेली. त्याआधी या आजाराच्या मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं, एवढंच वैद्यांच्या हातात होतं. ते इन्सुलिन शोधणाऱ्या फ्रेडरिक बँटिंगचा जन्म १४ नोव्हेंबरचा. म्हणून आपल्याकडे बालदिन असतो त्याच दिवशी जगात मधुमेह दिन असतो. इन्सुलिनचं पेटंट टोरांटोच्या विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं होतं, हे औषधाच्या दुकानात बिल हातात पडलं की हटकून आठवतं.

लेण्यांच्या चढावर माझी दुसरी चूक पेढ्याआधीची, न्याहारीच्या वेळची. 'मोटर आहे, आपल्याला काय कष्ट' असं समजून मी रोजच्याइतकंच इन्सुलिन घेतलं होतं. विजेच्या सायकलीची खरी मेख इथंच आहे. मोटर श्रम कमी करते, संपवत नाही. दम लागत नाही म्हणून आपण काही करतच नाही असं वाटतं, पण मांड्या फिरत असतात. फिरणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनच्या परवानगीशिवायही ओढून घेतो. धडधाकट माणसाचं शरीर अशा वेळी स्वतःचं इन्सुलिन कमी करतं. आमचं टोचलेलं असतं, ते परत काढून घेता येत नाही. दोन बाजूंनी ओढ लागते आणि साखर कोसळते. त्यात सुई मांडीत घेतलेली असेल तर पॅडल मारताना ती आणखी लवकर भिनते. सायकलवर जायच्या दिवशी पोटात घ्यायची, हे मला खूप उशिरा कळलं.

मोटरची पूर्ण ताकद २५० वॉट. सवय नसलेला माणूस तासभर सलग शंभर वॉटच्या आसपास काम करू शकतो. शरीराची कार्यक्षमता साधारण पाव. म्हणजे शंभर वॉट तासभर मारायचे तर साडेतीनशेच्या घरात कॅलरी जाळाव्या लागतात. साध्या सायकलवर हा हिशेब रस्ता ठरवतो. चढ आला की मारा, वारा तोंडावर आला की मारा. विजेच्या सायकलवर तो मी ठरवतो. म्हणूनच ही सायकल मला इन्सुलिनचा डोस मोजायच्या पेनसारखी वाटते. निघताना साखर १२६ ते १८० च्या दरम्यान असावी, हा व्यायामाचा प्रचलित पल्ला. ९० च्या खाली असेल तर आधी दहा-वीस ग्रॅम कर्बोदकं खायची. २७० च्या वर असेल तर कीटोन (इन्सुलिन कमी पडल्याची खूण) तपासल्याशिवाय पॅडलवर पाय ठेवायचा नाही. मी जाताना मोटर पहिल्या पायरीवर ठेवतो, पाय काम करतात. बाण वाकायला लागला की तिसऱ्या पायरीवर. सेन्सर पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागे असतो. म्हणून तो ९० म्हणाला की मी ८० धरून चालतो. आणि ७० च्या खाली गेलं की मोटर कितीही दमदार असो, सायकल बाजूला लावायची. 'आता मोटरच नेईल घरी' हा मोह वाईट. मोटर नेईल, पण समोरची ट्रॉली मोटरला दिसत नाही. उसाच्या हंगामात ढोकी-येडशीकडे संध्याकाळी निघालेल्यांना मी कशाबद्दल बोलतोय ते कळेल.

हे सगळं आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. माझे आकडे तुमचे नव्हेत.

विजेच्या स्कूटरची गोष्ट वेगळी. तिच्यावर पाय काहीच करत नाहीत, म्हणून साखर व्यायामानं पडत नाही, पण पडली तर वेग पन्नासचा असतो. २५० वॉटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणारी सायकल कायद्यानं मोटार वाहनच नाही. तिला नोंदणी नको, परवाना नको. स्कूटरला दोन्ही लागतात आणि परवान्याच्या नमुना १ मध्ये झटके किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल विचारलेलं असतं. खरं लिहावं. ब्रिटनमध्ये इन्सुलिनवाल्या चालकांसाठी सोपा दंडक आहे: साखर ९० किंवा त्याहून कमी असेल तर आधी काही खायचं, ७२ च्या खाली असेल तर गाडी काढायची नाही, हायपो झाला तर साखर जागेवर आल्यावरही ४५ मिनिटं थांबायचं, कारण मेंदू उशिरा सावरतो. आपल्याकडे कुणी सांगत नाही, पण मी तो पाळतो.

आमच्याकडचा मे महिना चाळिशीच्या पार जातो आणि तेव्हा गाडी आणि माणूस, दोघांनाही एकच भीती. वापरात असलेलं इन्सुलिनचं पेन साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे टिकतं. उन्हात लावलेल्या स्कूटरच्या डिकीत ते तासाभरात निकामी व्हायला लागतं आणि दिसायला मात्र तसंच राहतं. एका उन्हाळ्यात आठवडाभर माझी साखर तीनशेवरून खाली येईना. भाकरीवर संशय घेतला, स्वतःवर घेतला, शेवटी डिकीवर. बर्फाला चिकटूनही ठेवायचं नाही, गोठलं की गेलं. ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं, त्यात डबी, झाकणावर ओलं फडकं: वीज गेली तरी हा फ्रिज चालतो. लिथियमची बॅटरीही उन्हातून आली की लगेच चार्जिंगला लावू नये, आधी सावलीत निवू द्यावी.

टाइप वन घेऊन खेळणाऱ्यांची उदाहरणं द्यायची तर वसीम अक्रमला १९९७ मध्ये हा आजार निघाला आणि तो त्यानंतरही वर्षानुवर्षं गोलंदाजी करत राहिला. अमेरिकेत फिल साउदरलँड आणि जो एल्ड्रिज या दोन टाइप वन मित्रांनी सायकलपटूंचा संघ काढला. त्यातून पुढे टीम नोवो नॉर्डिस्क उभा राहिला, ज्यातला प्रत्येक व्यावसायिक सायकलपटू टाइप वनचा आहे. पण मला त्यांच्याहून जवळची वाटतात ती छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. अर्चना सारडा यांच्या 'उडान' या संस्थेत येणारी मुलं, आणि नागपूरच्या 'ड्रीम ट्रस्ट'कडून इन्सुलिन नेणारी. गोष्ट सुईची असते तेवढीच लपवण्याची असते. मुलीचं पेन फ्रिजमध्ये कोथिंबिरीच्या पिशवीमागे ठेवणारं घर मी पाहिलंय. लग्न ठरायचं होतं.

लेण्यांवरून आलो त्या दिवशी जेवण नीट झालं, साखर १४० वर होती, बाण आडवा. सुटलो असं वाटलं. रात्री पावणेतीनला मोबाइल किंचाळला. ६४. बायको उठून स्वयंपाकघरात गेली, साखर-पाणी घेऊन आली आणि "सायकल सकाळी चालवलीस ना?" म्हणाली. सकाळीच चालवली होती. पण सकाळच्या चढावर स्नायूंनी जो साठा खर्च केला, तो ते रात्रभर रक्तातून परत भरत असतात. व्यायामाचा हायपो सहा तासांनी येतो, कधी पंधरा तासांनीही. साखर-पाण्यावर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. ओसरीत सायकल चार्जिंगला होती, दिवा अजून लालच होता.